दारी आलेला कागद : दिवाणी दावे, मोफत कायदेशीर मदत आणि आपण



आपल्या या व्याख्यानमालेत संतवाङ्मय झाले, नाट्यसंगीत झाले, सीमाभागातल्या बोलीवरही चांगली चर्चा झाली. त्या मंचावर एका होमिओपॅथिक डॉक्टराने कायद्यावर बोलावे, हे काहींना खटकेल. मलाही प्रथम खटकले. म्हणून सुरुवातीलाच सांगतो, मी वकील नाही. कोणाला खटल्याचा सल्ला देण्याचा मला अधिकार नाही आणि आज तो देणारही नाही. पण बेळगाव तालुक्यात पस्तीसेक वर्षे दवाखाना चालवल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. गरीब माणूस औषधाच्या पिशवीत नुसते रिपोर्ट आणत नाही. रेशनकार्ड, पेन्शनची पावती, बँकेची नोटीस, शेताचा उतारा, सगळे त्याच पिशवीत असते. आणि कधीकधी त्यात कोर्टाचा कागदही असतो. असाच एक कागद मी हातात घेतला आणि परत दिला. त्या चुकीतून हे व्याख्यान निघाले आहे.

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. साठीच्या आसपासची एक विधवा बाई माझ्याकडे अंगावरच्या खाजेसाठी येत असे. रोजगारावर जाणारी, मूल नाही, नवऱ्यामागे दोन खोल्यांचे घर आणि वीस गुंठे जमीन. एकदा औषध घेऊन झाल्यावर तिने पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. "बघा की डॉक्टर, कसला कागद आलाय. पेन्शनचा हाय काय?" पेन्शनचे पैसे घरी आणून देणाऱ्या पोस्टमननेच तो दिला होता. त्याने सांगितले तिथे तिने अंगठा उठवला होता, दर महिन्याला उठवते तसाच. कागद कानडीत होता. मला कानडी वाचता येते. वर कोर्टाचे नाव बघितले आणि म्हणालो, "मावशी, पेन्शनचा नाही, कोर्टाचा आहे. वकिलाला दाखवा." बाहेर पंधरा पेशंट बसले होते. मी पुढच्याला आत बोलावले.

मी तारीख वाचली नाही. ती दाव्याची प्रतिवादी आहे, हे तिला सांगितले नाही. आणि मी 'वकील' म्हणालो तेव्हा तिला काय ऐकू आले असेल, हा विचार माझ्या मनातही आला नाही. तिला ऐकू आले, 'पैसे'. तिने कागदाची घडी घातली आणि तो देव्हाऱ्यामागे ठेवून दिला.

दहा-अकरा महिन्यांनी ती पुन्हा आली ती झोप येत नाही म्हणून. दिराने शेताला कुंपण घातले होते आणि घराच्या मागच्या खोलीला कुलूप लावले होते. या वेळी मी सगळे कागद नीट वाचले. दिराचा दावा असा होता, की भावाच्या हयातीतच तोंडी वाटणी झाली आणि घर-जमीन दोन्ही आपल्या वाट्याला आली. ठरलेल्या तारखेला प्रतिवादी हजर राहिली नाही, कैफियत दिली नाही. कोर्टाने वादीचे म्हणणे ऐकले आणि एकतर्फी हुकूमनामा केला. कोर्टाचे यात काही चुकले असे मी म्हणत नाही. समन्स पोहोचल्याचा पुरावा होता. अंगठा तिचाच होता.

मग एका ओळखीच्या वकिलांना फोन केला. ते म्हणाले, "अहो डॉक्टर, बाईमाणसाला सरकारी खर्चाने वकील मिळतो. उत्पन्नाची अटसुद्धा नाही. पहिल्याच दिवशी का नाही पाठवलंत?" हे एक वाक्य मला माहीत नव्हते. बी.एच.एम.एस. झालेला, रोज दोन भाषांतली वर्तमानपत्रे वाचणारा मी. मला माहीत नव्हते, तर तिला कुठून असणार?

कायदा काय देतो

त्यानंतर मी हा विषय वाचू लागलो. वाचताना पहिले आश्चर्य असे वाटले, की कायदा कंजूष नाही, चांगला उदार आहे.

आपल्या भागाशी याचा जुना संबंध आहे. १९४९ साली, बेळगाव मुंबई प्रांतात असताना, त्या सरकारने गरिबांना कायदेशीर मदत कशी द्यावी याचा विचार करायला न्यायमूर्ती एन. एच. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. त्यांचे चिरंजीव न्यायमूर्ती पी. एन. भगवती आणि न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी हेच काम पुढे सत्तरच्या दशकात देशपातळीवर नेले. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत कलम ३९-अ आले. पैशाअभावी किंवा दुसऱ्या कोणत्या अडचणीमुळे कोणी न्यायाला मुकू नये, यासाठी राज्याने मोफत कायदेशीर मदतीची व्यवस्था करावी, असे ते कलम सांगते. त्यावर १९८७ साली विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला. तो प्रत्यक्ष अमलात यायला मात्र ९ नोव्हेंबर १९९५ उजाडला. म्हणून ९ नोव्हेंबर हा विधी सेवा दिन.

या कायद्याचे बारावे कलम प्रत्येक घरात माहीत असायला हवे. मोफत मदतीचा हक्क कोणाला, याची यादी त्यात आहे : अनुसूचित जाती-जमातींची माणसे, स्त्रिया, मुले, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार, वेठबिगारीला किंवा माणसांच्या व्यापाराला बळी पडलेले, पूर-दुष्काळ-भूकंपासारख्या आपत्तीत सापडलेले, कोठडीत असलेले. या कोणालाच उत्पन्नाची मर्यादा नाही. यांच्याखेरीज, ज्यांचे वार्षिक उत्पन्न राज्य सरकारने ठरवलेल्या रकमेपेक्षा कमी आहे असा कोणीही. सर्वोच्च न्यायालयातल्या प्रकरणांसाठी ही रक्कम ५ लाख रुपये आहे. खालच्या न्यायालयांसाठी प्रत्येक राज्य आपापली ठरवते.

म्हणजे या सभागृहात बसलेली प्रत्येक भगिनी, मग ती प्राध्यापिका असो वा शेतमजूर, या कायद्याखाली अर्ज करू शकते. प्रकरणात प्रथमदर्शनी तथ्य असावे, एवढीच अपेक्षा. ज्यांना उत्पन्न दाखवावे लागते, त्यांच्यासाठीही तेराव्या कलमात सोय आहे. अविश्वास ठेवायला कारण नसेल तर उत्पन्नाबद्दलचे प्रतिज्ञापत्र पुरेसे धरता येते. प्रत्यक्षात माणसाला आधी दाखला आणायला धाडतात. दाखल्यासाठी दोन दिवसांचा रोजगार बुडतो. मग तो पुन्हा येतच नाही.

'मदत' म्हणजे नुसता वकील असेही नाही. कोर्ट फी, समन्स बजावणीचा खर्च, साक्षीदारांचा खर्च, दाव्याचा मसुदा, नकला, अपिलाचे कागद तयार करणे आणि कागदपत्रांचे भाषांतर, हे सगळे तीत येते. भाषांतराकडे मी पुढे परत येणार आहे.

आणि हे मिळते कुठे? तालुक्याच्या कोर्टाच्या आवारातच तालुका विधी सेवा समिती असते. जिल्ह्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असते, जिल्हा न्यायाधीश त्याचे अध्यक्ष असतात. उच्च न्यायालयाची स्वतःची समिती असते. फोन करायचा तर १५१०० हा क्रमांक आहे, त्याला पैसे पडत नाहीत. ज्याला लिहिता येत नाही त्याने तोंडी सांगावे, तिथल्या माणसाने लिहून घ्यावे, अशी नियमातच तरतूद आहे.

याहून जुना एक मार्ग दिवाणी प्रक्रिया संहितेत आहे, तेहतिसावा आदेश. आपल्या पिढीला शाळेतली 'नादारी' आठवत असेल. फी भरायची ऐपत नसलेल्या मुलांना ती मिळायची. दाव्यातही तशीच नादारी असते. कोर्ट फी भरण्याची ऐपत नसेल तर परवानगी घेऊन फी न भरता दावा लावता येतो. इंग्रजी कायद्यात अशा माणसाला पूर्वी सरळ 'पॉपर', म्हणजे भिकारी, म्हणत. १९७६ च्या दुरुस्तीने तो शब्द काढून 'इंडिजंट', म्हणजे निर्धन, हा शब्द घातला. त्याच दुरुस्तीने, अशा निर्धनाला वकील नसेल तर कोर्ट वकील नेमून देऊ शकते, असा नियमही आला. पण हा सारा मार्ग मुख्यतः दावा लावणाऱ्याचा. ज्याच्यावर दावा लागला आहे, त्या आमच्या मावशीला त्याचा उपयोग नव्हता.

मग अडते कुठे?

मला जे उमगले ते असे. फौजदारी प्रकरणात माणसाला पकडून न्यायाधीशासमोर उभे करतात. त्याला वकील नाही, हे न्यायाधीशाला समोर दिसते. १९७९ च्या हुसैनारा खातून प्रकरणापासून सर्वोच्च न्यायालयाने हे पक्के केले, की गरीब आरोपीला वकील देणे राज्यावर बंधनकारक आहे. १९८६ च्या सुक दास प्रकरणात तर, आरोपीने मागितला नाही म्हणून वकील दिला नाही हे कारण चालणार नाही, असे सांगून शिक्षाच रद्द झाली. फौजदारीत मदतीनेच माणसापर्यंत जायचे असते.

दिवाणीत हे उलट आहे. तिथे कोणी कोणाला पकडून आणत नाही. कागद घरी येतो. माणूस गेला नाही तर त्याच्यामागे दावा पुढे चालतो. मदत मिळते, पण ती मागावी लागते. आणि मागण्याआधी तीन गोष्टी कळाव्या लागतात. हा कागद काय आहे, किती दिवसांत हालचाल करायची, आणि वकिलाला पैसे पडणार नाहीत. या तिन्हींतली एकही त्या कागदाच्या घडीतून आपोआप बाहेर येत नाही.

मुदती बघा. समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत कैफियत द्यायची. कोर्टाने कारणे नोंदवून वाढवले तर नव्वद दिवसांपर्यंत. एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घ्यायचा तर अर्ज तीस दिवसांत. समन्स रीतसर बजावले गेले नसेल तर हे तीस दिवस हुकूमनामा कळल्यापासून मोजतात; पण बजावले गेले असेल तर हुकूमनाम्याच्या तारखेपासून. मावशीचा अंगठा कागदावर होता. म्हणजे तिचे तीस दिवस ती झोपेत असतानाच संपले. आता विलंब माफ करा असा एक अर्ज, हुकूमनामा रद्द करा असा दुसरा, आणि तो मान्य झाला तरच तिच्या म्हणण्याला सुरुवात.

आम्ही डॉक्टर लोक पेशंटला म्हणतो, पहिल्या दिवशी आला असता तर तीन पुड्यांत काम झाले असते. तेच इथे. वेळेवर कैफियत गेली असती तर निकाल तिच्या बाजूने लागलाच असता असे मी म्हणणार नाही. वाटणी झाली होती की नाही हे मला माहीत नाही. पण ती कोर्टासमोर बोलली असती. तो तिचा हक्क होता आणि तो तीस दिवसांचा होता.

म्हणून दिवाणी कायदेशीर मदत सुधारायची म्हणजे काय, याचे माझे उत्तर एका वाक्यात सांगतो : मदत खटल्याच्या दिवसापासून मागे ओढून, कागद घरी आला त्या दिवसापर्यंत आणायची. बाकीच्या सूचना या एका सूचनेच्या फांद्या आहेत.

कागदाची भाषा

आता आपल्या मर्मस्थानाकडे येतो. कागद कानडीत होता. इथे सीमाप्रश्नावर भाषण करण्याचा मोह होतो, तो आवरतो. खालच्या कोर्टांची भाषा ठरवण्याचा अधिकार दिवाणी प्रक्रिया संहितेने राज्य सरकारला दिला आहे, आणि प्रत्येक राज्य आपली भाषा चालवते. सोलापूर जिल्ह्यातल्या अक्कलकोटात किंवा सांगलीच्या जतमध्ये एखाद्या कानडीभाषक म्हातारीला मराठीत समन्स येते, तेव्हा तिची अवस्था आमच्या मावशीपेक्षा वेगळी नसते. बडोद्याच्या मराठी घरात गुजराती कागद येतो. शिकलेल्याचे निभते, ज्याला आपलीच लिपी वाचता येत नाही, त्याचा प्रश्न दुप्पट होतो.

पण या स्थितीतही कायद्याने दोन खिडक्या उघड्या ठेवल्या आहेत. एक, राज्यघटनेचे कलम ३५०. गाऱ्हाण्याचे निवेदन राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत कोणत्याही अधिकाऱ्याला देण्याचा हक्क ते प्रत्येकाला देते. कानडी येत नाही म्हणून मदत मागायलाच जायचे नाही, असे कारण नाही. दुसरी, मघाशी सांगितलेली भाषांतराची सोय. ती कागदावर आहे; मागणारे कमी आहेत.

तिसरी एक गोष्ट साहित्याच्या मंडळींना आवडेल. कोर्टाची कानडी आणि कोर्टाची मराठी इतकी परकी नाही, जितकी आपण समजतो. दावा, अर्ज, जामीन, वकील हे शब्द थोड्या फरकाने दोन्हीकडे आहेत. फारसी-अरबीतून ते दोघींच्याही घरी राहायला आले. वादी, प्रतिवादी, न्यायालय हे संस्कृतातून दोघींनी घेतले. नुसती लिपी ओळखणारा मराठी माणूसही कानडी समन्समधला 'प्रतिवादी' शब्द, नाव आणि तारीख शोधू शकतो. पहिल्या दिवशी तेवढे पुरते. शंभरेक शब्दांची दुभाषी यादी करणे हे आपल्यासारख्या संस्थेला एका पावसाळ्याचे काम आहे.

ऐकणारा माणूस

मावशीला घेऊन मी तालुक्याच्या समितीत गेलो. अर्ज झाला, वकील मिळाले. तिथला अनुभव पूर्ण वाईट नव्हता, पूर्ण चांगलाही नव्हता. पहिले वकील दोन तारखांना आलेच नाहीत. आम्ही समितीला सांगितले, दुसरे मिळाले. ही तक्रार करता येते आणि वकील बदलून मिळतो, हेही पुष्कळांना माहीत नसते.

पॅनेलवरच्या वकिलांना दोष देणे सोपे आहे. पण त्यांना मिळणारे मानधन खाजगी फीच्या मानाने थोडे असते, आणि आपली खाजगी कामे सांभाळून ते हे काम करतात. फौजदारी बाजूला यावर उपाय सुरू झाला आहे. २०२२ च्या योजनेनुसार जिल्ह्याजिल्ह्यांत आरोपींसाठी पूर्णवेळ, पगारी बचाव वकिलांची कार्यालये निघाली. ती फक्त फौजदारीसाठी आहेत. दिवाणीत अशी व्यवस्था नाही. तालुक्याला एक पूर्णवेळ दिवाणी वकील, दुसरे कोणतेही काम न घेणारा आणि तालुक्यातल्या दोन्ही भाषा बोलणारा, अशी मागणी आपण केली पाहिजे.

दुसऱ्या वकीलबाईंनी एक गोष्ट केली, ती मला फार ओळखीची वाटली. त्यांनी मावशीला बसवले आणि म्हणाल्या, "पहिल्यापासून सांगा." आणि मध्ये बोलल्या नाहीत. आमच्या शास्त्राचे जनक हानेमान यांनी 'ऑर्गनॉन'मध्ये वैद्याला हीच शिस्त घालून दिली आहे : रोग्याला आपल्या शब्दांत सगळे सांगू द्यावे, तो विषय सोडून भरकटला तरच थांबवावे. मावशी अर्धा तास बोलली. त्यात तिच्या नवऱ्याच्या आजारपणाचे, दिराच्या लग्नातल्या खर्चाचे, विहिरीच्या भांडणाचे सगळे आले. आणि त्यातच, नवरा वारला त्या वर्षीसुद्धा शेताची पट्टी तिनेच भरली होती आणि पावती ट्रंकेत आहे, हेही आले. फॉर्म भरून घेणाऱ्याला ती पावती कधीच मिळाली नसती.

लेकी, आईबाप आणि तडजोड

गरिबाचे दिवाणी दावे म्हणजे काय, याची कल्पना यावी म्हणून दवाखान्यात पाहिलेले दोन प्रकार सांगतो.

पहिला लेकींचा. हिंदू उत्तराधिकार कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच जन्मजात हक्क दिला. कर्नाटकाने आणि महाराष्ट्राने तर १९९४ सालीच अविवाहित मुलींसाठी हे पाऊल टाकले होते. २०२० च्या विनीता शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की २००५ मध्ये वडील हयात असण्याचीही अट नाही. तरी आपल्याकडे भाऊ हक्कसोडपत्र आणतो, बहीण सही करते, साडी-चोळी घेऊन परत जाते. काही जणी जाणूनबुजून, प्रेमाने सही करतात. तो त्यांचा निर्णय आहे, त्यात आपण पडू नये. पण पुष्कळ जणी 'उताऱ्यावर नाव लावायला सही पाहिजे' एवढेच ऐकून करतात. माहेर तुटेल ही भीती खरी आहे, कोणताही वकील ती घालवू शकत नाही. पण सही करण्यापूर्वी तो कागद तिला कोणीतरी तिच्या भाषेत वाचून दाखवावा, एवढे तरी व्हावे. तिला वकील मोफत आहे, आणि तो दावा लावण्यासाठीच घ्यावा असे नाही. सल्ल्यासाठीही घेता येतो.

दुसरा म्हाताऱ्या आईबापांचा. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने न सांभाळणाऱ्या मुलांकडून पोटगी मागता येते. अर्ज दिवाणी कोर्टात नव्हे, महसूल उपविभागाच्या अधिकाऱ्याकडच्या न्यायाधिकरणात जातो, आणि तो साधारण नव्वद दिवसांत निकाली काढायचा असतो. सांभाळण्याच्या अटीवर मुलाला घर बक्षीस दिले आणि मुलाने सांभाळले नाही, तर ते बक्षीसपत्र रद्द करून घेता येते. मात्र ती अट बक्षीसपत्रात लिहिलेली असावी, हे आधीच कोणीतरी सांगायला हवे. कागद होण्यापूर्वीचा सल्ला तो हाच.

आता लोकअदालतीविषयी. मार्च १९८२ मध्ये गुजरातेत जुनागढ भागात पहिली लोकअदालत भरली, आणि पुढे १९८७ च्या कायद्याने तिला कायद्याचा आधार मिळाला. तिथे फी नाही. कोर्टातला दावा तिथे मिटला तर भरलेली कोर्ट फी परत मिळते. वीज, पाणी, विमा, दवाखाना, वाहतूक अशा सार्वजनिक सेवांच्या तक्रारींसाठी कायम लोकअदालतीही आहेत, आणि तडजोड झाली नाही तर त्या स्वतः निकालही देऊ शकतात. गरिबाला हे वरदान आहे. पण त्याची एक बाजू सही करण्यापूर्वी कळली पाहिजे. नेहमीच्या लोकअदालतीतला निवाडा दोन्ही पक्षांच्या संमतीवरच होतो, आणि तो हुकूमनाम्याइतकाच पक्का असतो. त्यावर अपील नाही. अगदीच गैरप्रकार झाला असेल तर उच्च न्यायालयात रिट, एवढाच रस्ता. तिथे कोणी संमतीसाठी घाई करू लागले, तर 'पुढच्या वेळी येतो' म्हणण्याचा हक्क माणसाला आहे.

मावशीचे प्रकरण असेच मिटले. विलंब माफ झाला, एकतर्फी हुकूमनामा रद्द झाला, कैफियत गेली. पुढे दोन वर्षांनी लोकअदालतीत तडजोड झाली. दोन खोल्या तिच्या नावावर राहिल्या, शेत दिराकडे गेले. सहीपूर्वी वकीलबाईंनी एकेक कलम मराठीत वाचून दाखवले आणि विचारले, "समजलं का? समजलं नसेल तर सही नको." मावशी म्हणाली, "समजलं. शेत गेलं, घर राहिलं." तिने अंगठा उठवला. हा अंगठा आणि पोस्टमनच्या कागदावरचा अंगठा एकाच बोटाचे. पण या वेळी आपण कशाला संमती देतो आहोत हे तिला माहीत होते.

काय करता येईल

सरकारने आणि न्यायव्यवस्थेने करावयाच्या गोष्टी आधी सांगतो. समन्सच्या कागदावर सर्वांत वर, ठळक अक्षरांत आणि तालुक्यात बोलल्या जाणाऱ्या सगळ्या भाषांत तीन ओळी असाव्यात : तुमच्यावर दावा आहे, अमुक तारखेच्या आत उत्तर द्यायचे आहे, वकील मोफत मिळू शकतो आणि त्यासाठी १५१०० ला फोन करा. शाईचा खर्च सोडून याला काही लागणार नाही. दुसरे, विधी सेवेचे स्वयंसेवक, ज्यांना 'पॅरा लीगल व्हॉलंटिअर' म्हणतात, ते कोर्टाच्या आवारापेक्षा रेशन दुकानाजवळ, ग्रामपंचायतीत, आठवडी बाजारात बसावेत. ही योजना २००९ पासून आहे, गावोगावच्या कायदा सहायता केंद्रांचे नियम २०११ चे आहेत. गरज जागा योग्य निवडण्याची आहे. तिसरे, उत्पन्नासाठी प्रतिज्ञापत्र पुरे. चौथे, पुढची तारीख पक्षकाराला त्याच्या भाषेत कळवावी. आता प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षर-अंकांचा सी.एन.आर. क्रमांक असतो, तो असला की पुढची तारीख मोबाइलवर दिसते. नातवाला तो क्रमांक लिहून दिला तरी म्हातारीची एक फेरी वाचते.

आता आपले. आपल्याकडे वाचनालय आहे, टेबल आहे, दोन्ही भाषा वाचणारे निवृत्त शिक्षक आहेत. बेळगावात १९३९ पासूनचे राजा लखमगौडा विधी महाविद्यालय आहे, आणि विद्यार्थ्यांनी विधी सेवेच्या कामात उतरावे हे कायद्यालाच अभिप्रेत आहे. आठवड्यातून एक संध्याकाळ 'कागद वाचून दाखवू' अशी पाटी लावून बसावे, अशी माझी विनंती आहे. तिथे सल्ला द्यायचा नाही. कागद कोणाचा, कोणत्या कोर्टाचा, तारीख कोणती, एवढे वाचायचे आणि कागदाच्या पाठीमागे पेन्सिलीने मोठ्या अक्षरात ती तारीख लिहायची. मग तालुका समितीचा पत्ता द्यायचा. जमले तर बरोबर जायचे. प्रथमोपचारात जखम बांधतात, शस्त्रक्रिया करत नाहीत. तेवढीच मर्यादा आपण पाळायची.

आम्हा जैनांत दानाचे चार प्रकार सांगितले आहेत : आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान. अन्नछत्र आपण चालवतो. औषधदान मी माझ्या परीने करत आलो. कोर्टाच्या कागदाला घाबरून तो देव्हाऱ्यामागे ठेवणाऱ्या माणसाला त्याचा अर्थ सांगणे, यात मला शास्त्रदान आणि अभयदान दोन्ही दिसतात. मला ते एकदा करता आले असते. मी केले नाही.

मावशी अजून येते. खाज बरी आहे. आता नाडी बघण्याआधी ती पिशवीतले कागद टेबलावर ठेवते आणि म्हणते, "आधी हे वाचा." मी वाचतो. बहुतेक वेळा विजेचे बिल असते. तरी तारीख बघितल्याशिवाय परत देत नाही.